पत्ता नसलेल्या दिव्यांगाचा अर्ज: संजय गांधी निराधार योजनेत घोडं नेमकं कुठे अडतं

नांदेड-परभणीची रेल्वे स्टेशनं, परळी, तुळजापूर, औंढ्याच्या देवळांबाहेरच्या रांगा, संभाजीनगरात घाटी हॉस्पिटलचं आवार, नगरपालिकांची बेघर निवारा केंद्रं. या ठिकाणी राहणाऱ्या दिव्यांगांचे संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी, निवाऱ्याच्या व्यवस्थापकांसाठी आणि वॉर्डातल्या समाजसेवकांसाठी हे लिहीत आहे. या लोकांचे अर्ज सारखे परत येतात. माणसाला एक पाय नाही हे तहसीलच्या दारातूनच दिसत असतं, त्यावर कुणी हरकत घेत नाही. हरकत निघते ती पत्त्यावर. म्हणून पेन्शनचा फॉर्म हातात घेण्याआधी पत्त्याचा कागद उभा करा.

योजना थोडक्यात अशी. वय ६५ च्या आत, अपंगत्व किमान ४० टक्के, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य आणि दिव्यांगांसाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. इतर निराधारांना ही मर्यादा २१ हजार आहे. खिडकीवरचा माणूस कधीकधी दिव्यांगालाही २१ हजारच सांगतो, तेव्हा त्याला ५० हजारांची आठवण करून द्या. दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० रुपये झालं. वय ६५ किंवा जास्त असेल तर अर्ज श्रावणबाळ योजनेत जातो. अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाचा भागही मिळतो, पण त्याची खिडकी तीच, तहसीलमधली संजय गांधी शाखा.

आता पत्ता. ज्याच्याजवळ काहीच कागद नाही, त्याच्यासाठी सगळ्यात भरवशाचा रस्ता मतदार यादीचा आहे, आणि तोच सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. निवडणूक आयोगाच्या सूचना स्पष्ट आहेत: बेघर माणसाने नमुना ६ मध्ये, म्हणजे मतदार नोंदणीच्या फॉर्ममध्ये, जिथे झोपतो ती जागा लिहायची, बीएलओने (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने) रात्री तिथे एकापेक्षा जास्त वेळा जाऊन खात्री करायची, आणि माणूस तिथे झोपतो हे दिसलं की रहिवासाचा दुसरा पुरावा मागायचा नाही. बीएलओ बहुतेक वेळा शाळेतले शिक्षक नाहीतर अंगणवाडी सेविका असतात, त्यांनाही हे ठाऊक नसतं. भांडू नका. फॉर्मवर जागा नेमकी लिहा. ‘बसस्थानक परिसर’ असं लिहिलं तर कुणीच सापडत नाही. ‘बसस्थानकाच्या पूर्व गेटजवळ, पाणपोईच्या मागे, रात्री नऊनंतर’ असं लिहिलं तर सापडतो. फॉर्मवर स्वतःचा मोबाइल नंबर द्या आणि जमलं तर त्या रात्री तिथे थांबा.

निवाऱ्यात राहणाऱ्याचं काम यापेक्षा सोपं आहे. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र आधार नोंदणीला चालतं. अट दोनच: नमुना आधार प्राधिकरणाचाच हवा, आणि दाखला ताजा हवा, कारण तो तीन महिनेच चालतो. संस्थेच्या लेटरहेडवर ‘सदर इसम आमच्याकडे राहतो’ असं लिहून दिलेलं पत्र केंद्रावरून परत येतं, आणि अर्जदाराला वाटतं आपल्यालाच नाकारलं.

आधारच्या बाबतीत पहिला प्रश्न हा विचारा: पूर्वी कधी बोटं दिली होती का? शिबिरांच्या काळात गावोगाव नोंदणी झाली, कार्ड हरवलं, नंबर कुणाला आठवत नाही. अशा माणसाची नवी नोंदणी केली की काही आठवड्यांनी ‘दुबार’ म्हणून रद्द होते, आणि तोवर सगळं काम खोळंबतं. त्याऐवजी आधार केंद्रावर नाव, जिल्हा आणि बोट किंवा डोळा देऊन जुना नंबर शोधता येतो, आधी ते करा. खरोखरच पहिली नोंदणी असेल तर १८ वर्षांवरच्या माणसाची पडताळणी राज्य सरकारकडून होते आणि त्याला १८० दिवसांपर्यंत लागू शकतात. हे अर्जदाराला आधीच सांगा, नाहीतर तो वाट पाहून कंटाळतो आणि जागा सोडून निघून जातो.

कुष्ठरोगाने बोटं झडलेल्या माणसाला ‘ठसे उमटत नाहीत, होणार नाही’ म्हणून परत पाठवताना मी बघितलंय. केंद्रचालकाने त्याची बोटं तीन-तीनदा त्या काचेवर दाबली, पुसली, पुन्हा दाबली. मग पुढचा नंबर पुकारला. हे साफ चुकीचं आहे. ‘बायोमेट्रिक एक्सेप्शन’ म्हणून वेगळी सोय त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यात चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा फोटो घेतात आणि नोंदणी होते. हे शब्द जसेच्या तसे तिथे उच्चारा.

यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ऑनलाइन प्रमाणपत्र आणि कार्ड. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र याच पोर्टलवरून मिळतं. हाताने लिहिलेला, घडीवर फाटलेला जुना दाखला जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ऑनलाइन फॉर्म भरला की काम झालं असं अनेकांना वाटतं. फॉर्मनंतर माणसाला तपासणीसाठी रुग्णालयात न्यावंच लागतं. कोणत्या रुग्णालयात, यावरच गोंधळ होतो. अपंग हक्क कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे राहत्या जिल्ह्यातल्या प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, तसाच जिथे उपचार झाले किंवा चालू आहेत त्या रुग्णालयाकडेही करता येतो. बेघरांसाठी ही दुसरी वाट मोलाची आहे. बीडचा माणूस अपघातानंतर घाटीत राहिला असेल, किंवा हिंगोलीचा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तर ‘तुमच्या जिल्ह्यात जा’ हे उत्तर मान्य करू नका. केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड दाखवा. म्हणूनच माझी प्रत्येकाला विनवणी असते की कॅरिबॅगेत गुंडाळलेले ते मळके कागद फेकू नका. निवाऱ्याच्या कपाटात मूळ प्रती ठेवा आणि माणसाजवळ झेरॉक्स द्या. पावसाळ्यात फुटपाथवर कागद टिकत नाही.

मनोरुग्ण माणसाची तपासणी मानसोपचारतज्ज्ञाकडे होते, आणि एका भेटीत टक्केवारी मिळेलच असं नाही. त्यांना अनेकदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपल्याची तारीख बारीक अक्षरात असते, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि एक दिवस अनुदान बंद होतं. कार्ड हातात आलं की टक्केवारीच्या आधी ती तारीख वाचा. रंगही बघा: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० पासून पुढे निळं. पांढऱ्या कार्डावर ही योजना मिळत नाही.

वयाचा दाखला हा ‘कुणाकडेच नसलेला’ कागद. जन्मनोंद नाही, शाळा नाही. शासन निर्णयात पर्याय दिलेले आहेत: शिधापत्रिकेतलं किंवा मतदार यादीतलं वय, नाहीतर ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षक दर्जाच्या सरकारी डॉक्टरचा दाखला. खासगी डॉक्टरचा चालत नाही. दोन दिवस जरी शाळेत गेला असेल तर गावच्या शाळेच्या रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा मिळू शकतो.

पंधरा वर्षांच्या वास्तव्याचंही तसंच आहे. गाव सोडलेल्या माणसाचे कागद गावातच पडलेले असतात. जुन्या मतदार याद्या, दारिद्र्यरेषेच्या यादीतलं नाव, रेशनकार्डावरचं नाव. ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे जाऊन तिथेच हात गमावलेला माणूस पुढे परळीच्या स्टेशनवर येऊन पडतो, पण त्याच्या तांड्यावरच्या यादीत त्याचं नाव अजून असतं. ग्रामसेवकाकडून उतारा आणता येतो, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीचा उतारा उत्पन्नाच्या दाखल्याच्या जागीही चालतो. मात्र गावी फोन करण्याआधी त्या माणसाला विचारा. काही जणी मारहाणीतून पळून आलेल्या असतात. नवऱ्याला किंवा भावाला पत्ता कळणं त्यांच्यासाठी पेन्शन हुकण्यापेक्षा वाईट.

उत्पन्नाचा दाखला सेतूतून, म्हणजे सरकारी दाखले देणाऱ्या केंद्रातून निघतो. व्यवसायाच्या रकान्यात लोक घाबरतात, कारण भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ पासून राज्यात आहे आणि कधीतरी गाडी येऊन उचलून नेते हे त्यांनी अनुभवलेलं असतं. खोटी मजुरी लिहू नका. ‘निवाऱ्यात किंवा लंगरात जेवतो, उत्पन्नाचं निश्चित साधन नाही’ हे खरं असेल तर तेच लिहा. कुणी बॉण्डवर प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं तर विचारा, दाखल्यांसाठी स्वयंघोषणापत्र पुरेसं आहे असं सरकारने २०१५ मध्ये ठरवलेलं असताना बॉण्ड कशाला? ज्याच्याकडे चहाचे दहा रुपये नाहीत त्याला बॉण्ड आणायला लावणं मला सहन होत नाही.

आणि तारीख. दाखल्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. फेब्रुवारीत काढलेला दाखला लोक वर्षभर चालेल असं समजून ठेवतात, अर्ज एप्रिलमध्ये घेऊन जातात, आणि पुन्हा सेतूच्या रांगेत. बाकी सगळे कागद हातात आल्यावरच हा दाखला काढा.

बँकेत खातं उघडणं आता अवघड राहिलेलं नाही, पण अनुदान थेट हस्तांतरणाने येतं, म्हणून खात्याला आधार जोडलेलं असून भागत नाही, आधार ‘सीडिंग’ झालेलं लागतं, म्हणजे सरकारी पैसा याच खात्यात यावा अशी आधारशी नोंद. बँकेचा माणूस ‘लिंक आहे’ म्हणतो आणि पैसे येत नाहीत, किंवा कधीकाळी गावात काढलेल्या जनधन खात्यात जाऊन पडतात. आधारला शेवटचं सीडिंग ज्या बँकेचं, तिकडे पैसा जातो. नवं खातं काढलं की सीडिंगचा फॉर्म वेगळा भरा आणि त्याची पोच मागा. आधार, यूडीआयडी आणि बँकेचं पासबुक या तीनही कागदांवर नाव एकसारखं आहे का तेही बघा. आधारवर ‘शेख रहीम’, यूडीआयडीवर ‘रहीम शेख’ एवढ्यावरही फाइल थांबते.

अर्ज तहसीलमध्ये दिला की चौकशीला तलाठी येतो. इथेच सगळ्यात जास्त अर्ज मरतात. तो दुपारी येतो, माणूस त्या वेळी चौकात बसलेला असतो, आणि अहवालात शेरा पडतो: ‘अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही.’ अर्जासोबतच एक साधं पत्र जोडा: अर्जदार बेघर आहे, रात्री अमुक ठिकाणी झोपतो, चौकशीआधी या नंबरवर कळवावं. मग तलाठ्याला स्वतः जाऊन भेटा. बरेच तलाठी सांगितलं तर थांबतात. तीन-चार गावांचा कारभार एकट्यावर असतो, त्यांचीही ओढाताण आहे.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘होत नाही’ असं तोंडी ऐकून कुणीही परत येऊ नये. उत्पन्न, रहिवास असे अधिसूचित दाखले नाकारले तर लोकसेवा हक्क कायदा २०१५ प्रमाणे कारण लेखी द्यावं लागतं आणि ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. ‘आधार नाही म्हणून अर्जच घेणार नाही’ असं म्हटलं तर आधार कायद्याच्या कलम ७ मध्ये ओळखीचा दुसरा पर्याय देण्याची तरतूद आहे, ती लेखी अर्जात नमूद करा. लेखी कारण मागितलं की पुष्कळदा अर्ज घेतलाच जातो.

मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. घर असलेल्याला गावात दवंडी ऐकू येते, शेजारी सांगतात. फुटपाथवरच्या माणसाला कोण सांगणार? निवाऱ्याच्या भिंतीवर लाभार्थ्यांची यादी लावा, नावापुढे हयातीची, उत्पन्नाच्या दाखल्याची आणि यूडीआयडीच्या मुदतीची तारीख लिहा. कुणी दुसऱ्या तालुक्यात राहायला गेला तर जुन्या तहसीलला लेखी कळवून प्रकरण बदलून घ्या. नुसतं नव्या ठिकाणी दुसरा अर्ज टाकला तर दोन्हीकडे नाव दिसतं आणि चालू असलेलं अनुदानही थांबतं.