मायलेज का घसरतं, गाडी का अडते: लांब पल्ल्याच्या मोटारसायकलची पार्श्वभूमी

गाडी किती पेट्रोल पिते आणि वाटेत दगा देते का, हे दोन प्रश्न सहसा वेगवेगळे विचारले जातात. पण मोटारसायकल जसजशी सुधारत गेली, तसं दिसून आलं की भार, रस्ता आणि वेग तेच असताना मायलेज पडलं, तर बहुतेक वेळा कुठला तरी भाग झिजू लागलेला असतो.

१९०३ साली जॉर्ज वायमन सव्वा हॉर्सपॉवरच्या गाडीवरून सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला ५० दिवसांत पोहोचले. इंजिनाने मान टाकल्यामुळे शेवटचा टप्पा त्यांनी पॅडल मारत काढला. तेव्हा मागचं चाक चामड्याच्या पट्ट्यावर फिरे. पावसात पट्टा घसरे, ताणला जाई, सांध्यापाशी तुटे. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनाला तेलही चालकच हातपंपाने देई आणि ते पुन्हा वापरात न येता जळून किंवा गळून जाई. कमी दिलं तर पिस्टन जाम, जास्त दिलं तर प्लग काजळीने बंद.

१९२३ च्या बीएमडब्ल्यू आर ३२ मध्ये पट्ट्याऐवजी बंदिस्त शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, होता आणि तेल इंजिनातच फिरत राही. तरीही हलकी आणि स्वस्त म्हणून चेन टिकली. सत्तरच्या दशकात ओ-रिंगवाली चेन आली आणि तिचं आयुष्य पालटलं. चेनच्या सांध्यातल्या पिन आणि तिच्याभोवतीची नळी (बुश) यांमधलं ग्रीस रबरी कड्यांनी आतच कोंडलेलं असतं. म्हणूनच अशी चेन पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने घासू नये. रबरी कडं फाटलं की ग्रीस निघून जातं आणि चेनचा तेवढाच सांधा आखडतो. केरोसीन व मऊ ब्रश पुरे, आणि दर ५०० ते ८०० किलोमीटरला वंगण, पावसात त्याहून लवकर.

पेट्रोलचा खरा हिशेब मात्र ठिणगीपाशी आणि हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरपाशी बिघडे. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटची (उघडझाप करणाऱ्या विजेच्या टोकांची) फायबरची टाच फिरत्या कॅमवर घासून झिजते, टोकांमधली साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटरची फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. इंजिन तापतं, ओढ कमी होते, चालक थ्रॉटल जास्त पिळतो. गाडी बंद पडण्याच्या कितीतरी आधी मायलेज घसरलेलं असतं. १९६९ च्या कावासाकी एच १ वर सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठिणगी पाडणारी यंत्रणा, आलं आणि पुढे हा झिजणारा भागच नाहीसा झाला. कार्ब्युरेटरचंही तसंच: कंपनाने सुई आणि ती ज्यात वरखाली होते ते पेट्रोल सोडणारं पितळी भोक (नीडल जेट) घासतात, भोक लंबगोल होतं आणि मधल्या थ्रॉटलला मिश्रण दाट होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त येतं. लांबच्या प्रवासात हात नेमका तिथेच असतो. शिवाय ३००० मीटर उंचीवर हवा जवळपास चतुर्थांशाने विरळ होते, पण जेट तेवढंच राहतं, म्हणून मिश्रण आणखी दाट होतं. १९८० मध्ये कावासाकीनेच रस्त्यावरच्या गाडीला फ्युएल इंजेक्शन दिलं. आजचं इंजेक्शन हवेचा दाब मोजून पेट्रोल सोडतं, त्यामुळे घाटमाथ्यावरही गाडी गुदमरत नाही.

वारा मात्र कुणाला चुकला नाही. ताशी ८० वरून ११० वर गेलं की दर किलोमीटरला वारा कापायला जवळजवळ १.९ पट ऊर्जा लागते. १९७६ च्या बीएमडब्ल्यू आर १०० आरएसचं फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) यासाठीच विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या चाचणी-बोगद्यात, घडलं. अमेरिकी डिझायनर क्रेग वेटर यांनी १९८० ते १९८५ मध्ये भरवलेल्या इंधन-बचतीच्या स्पर्धांनी तर डोळे उघडले: शेवटच्या वर्षी अंगभर आवरण घातलेली १२५ सीसीची गाडी लिटरला सुमारे २०० किलोमीटर गेली. बाहेर फुगलेल्या रुंद बॅगा नेमकं याच्या उलट करतात. सामान अरुंद आणि पाठीमागे बांधावं, टायरमध्ये भरल्या गाडीसाठी दिलेला दाब ठेवावा आणि तो थंड टायरवरच मोजावा.

इंजेक्शनने बिघाड कमी केले, पण उरलेल्या बिघाडांची जागा बदलली. मॅग्नेटोवर, म्हणजे स्वतःच ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्रावर, चालणारी गाडी बॅटरी मेली तरी किकवर सुरू होई. आता पेट्रोलचा पंपच विजेवर चालतो. बॅटरी पार उतरली की धक्का मारूनही उपयोग नाही. म्हणून निघण्याआधी मीटर लावून बघावं: इंजिन ५००० आरपीएमवर असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. १३ च्याही खाली रेंगाळत असेल, तर स्टेटरकडून (वीज बनवणाऱ्या भागाकडून) रेग्युलेटरकडे (व्होल्टेज आवरणाऱ्या भागाकडे) जाणारा कनेक्टर उघडावा. त्याचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं किंवा वितळलेलं दिसलं तर सैल जोडणी तापते आहे. तो कनेक्टर प्रवासाला निघण्याआधीच बदलावा.