सवत आणि बहुविवाह

एकाच वेळी एकाहून जास्त बायका किंवा नवरे असणं म्हणजे बहुविवाह. बायका जास्त असल्या तर बहुपत्नीत्व, नवरे जास्त असले तर बहुपतित्व, पण हे झाले पुस्तकातले शब्द, रोजच्या मराठीत या विषयाचा खरा शब्द एकच, सवत. नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला शब्द आहे पण बायकोच्या दुसऱ्या नवऱ्याला काय म्हणायचं याला आपल्या घरगुती भाषेत शब्दच नाही, यावरून आपल्याकडे काय चालायचं आणि काय नाही ते कळतं.

नाशिकला तर हा विषय घरचाच आहे. वाल्मीकी रामायणात पंचवटीत शूर्पणखा रामाला लग्नाचं विचारते तेव्हा राम म्हणतो, माझं लग्न झालंय, ही माझी लाडकी बायको, आणि तुझ्यासारखीला सवत असणं फार दुःखाचं. हे वाक्य थट्टेत आलंय पण त्यातलं दुःख खरं आहे. पुढे नाक कापलं ते सगळ्यांना पाठ, त्यावरून गावाचं नाव पडलं असं आपण पाहुण्यांना सांगतो, सवतीचं वाक्य मात्र कोणी सांगत नाही. आणि एकवचनी, एकबाणी, एकपत्नी असा हा राम ज्या घरातून वनवासाला निघाला ते तीन राण्यांचं घर होतं, भांडण तिथेच पेटलं होतं.

दुसरी गोष्ट नानासाहेब पेशव्यांच्या बायकोची, गोपिकाबाईंची. नानासाहेब पेशव्यांनी डिसेंबर १७६० मधे, भाऊ पानिपतावर अडकलेले असताना, पैठणच्या वाखरे सावकारांच्या मुलीशी, राधाबाईशी लग्न केलं. गोपिकाबाईंचा थोरला विश्वासराव तेव्हा पानिपतावरच होता, जानेवारीत तो गेला, जूनमधे नानासाहेबही गेले. म्हणजे एकीनं सहा महिन्यांत सवत, मुलाचं मरण आणि वैधव्य तिन्ही बघितलं, आणि दुसरीचा संसार सहा महिन्यांतच संपला. गोपिकाबाई नंतर नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिल्या आणि १७८८ मधे इकडेच वारल्या. राधाबाईबद्दल इतिहासात चार ओळी सापडल्या तरी खूप.

दुसरी बायको का करतात याची कारणं बघितली तर बाईची जागा कळते. मूल नाही, मुलगा नाही, हे सगळ्यात ऐकू येणारं कारण. पण कामाला हात हवेत हे कारण त्याहून जुनं असावं असं मला वाटतं. कसारा घाट उतरला की शहापूर तालुका लागतो, तिथल्या डेंगणमाळ गावात पाण्यासाठी दुसरी-तिसरी बायको करतात म्हणून बातम्या आल्या होत्या, त्यांना पाणीवाल्या बायकाच म्हणायचे, बऱ्याचशा विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेल्या. डोक्यावर हंडे घेऊन उन्हात मैलोन् मैल चालायचं, त्या बदल्यात छप्पर आणि कुणाची तरी बायको म्हणवून घेणं. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला जिथे शेती कुदळीनं आणि बायकांच्या हातानं होते तिथे बायका जास्त करण्याची रीत जास्त दिसते, हे एस्टर बोझरप या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७० मधे मांडलं, आणि तिथे पुष्कळ ठिकाणी प्रत्येक बायकोची झोपडी, शेताचा तुकडा, बाजारातला पैसा वेगळा असतो. तेवढं तरी तिच्या हातात असतं.

नवरे जास्त म्हणजे बाई वरचढ, असंही नाही. उत्तराखंडच्या जौनसार-बावरमधे भावाभावांत एक बायको असायची, कारण डोंगरातल्या एवढ्याशा जमिनीचे तुकडे होऊ नयेत, म्हणजे हिशोब जमिनीचाच. तिथे सासरी असलेल्या बाईला रांटी म्हणतात आणि माहेरी आली की तीच ध्यांटी, रांटीनं राबायचं, कडक नियम पाळायचे, ध्यांटीला मात्र मोकळीक. केरळच्या नायर लोकांत वेगळं होतं, बाई आपल्या आईच्या घरात, तरवाडात राहायची, संबंधम्, म्हणजे सैल बंधनाचं लग्न, केलेला पुरुष रात्री यायचा, असे पुरुष एकाहून जास्तही असायचे, मुलं आईच्या घराण्याची. नातं मोडलं तरी ती बेघर होत नव्हती. कारभार मामाच्या हातात असायचा हे खरं, पण पायाखालचं घर तिचं होतं आणि माझ्या मते फरक तिथेच पडतो.

कायद्याचं म्हणाल तर मुंबई प्रांतात हिंदूंना दुसरं लग्न १९४६ पासूनच बंद झालं, नाशिक त्यातच आलं. त्याला धर्माचं कारण देऊन आव्हान दिलं तेव्हा १९५१ मधे नरसू आप्पा माळी खटल्यात मुंबई हायकोर्टानं सांगितलं की मुलगा पाहिजे तर दत्तक घेण्याची सोय धर्मातच आहे. देशभरासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ चा. पेठ, सुरगाण्याकडच्या कोकणा, वारली अशा अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही, तिथे रूढी चालते. मुस्लिम पुरुषाला वैयक्तिक कायद्यानं बहुतेक राज्यांत चारपर्यंत मुभा आहे, पण प्रत्यक्षात हे प्रमाण सगळीकडेच कमी, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.४ टक्के विवाहित बायकांनी नवऱ्याला आणखी बायको असल्याचं सांगितलं, हिंदूंत १.३ आणि मुस्लिमांत १.९.

बंदी असून कसं चालतं? १९६५ मधे भाऊराव लोखंडे खटल्यात, महाराष्ट्रातलाच, सुप्रीम कोर्टानं म्हटलं की दुसरं लग्न रीतसर विधींनी झाल्याचं सिद्ध झालं नाही तर गुन्हा होत नाही. मग देवळात हार घालायचे आणि मोकळं व्हायचं. याचा फटका दोघींनाही बसतो, पहिलीला गुन्हा सिद्ध करता येत नाही आणि दुसरी कायद्यानं बायकोच नसते. २०१३ मधे सुप्रीम कोर्टानं एवढं केलं की पहिलं लग्न लपवून फसवलं असेल तर दुसरीलाही पोटगी मिळते. मुलं मात्र कायद्यानं औरसच.

सिन्नरकडे आमच्या आजोळच्या आळीत असं एक घर होतं. एक उंबरा, आत दोन चुली, मधे धान्याच्या कोठीची आड. थोरलीला मूल नव्हतं म्हणून धाकटी आणलेली, ती थोरलीला आक्का म्हणायची, आणि तिची दोन्ही पोरं आक्काच्या चुलीपाशी जेवून आक्काच्याच कुशीत झोपायची. म्हातारा वारला तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून आक्काचं नाव लागलं, दोन्ही पोरांची लागली. धाकटीचं लागलं नाही. त्या दिवशी तलाठ्याकडून सगळे परत आले तेव्हा चहा तिनंच केला, आधी आक्काला दिला.