ब्लोडाउन : बॉयलरच्या पाण्यातील गाळ व क्षार काढण्याची पद्धत

वाफेच्या बॉयलरमधले काही पाणी ठरावीक वेळी किंवा सतत बाहेर सोडायचे आणि त्याबरोबर तळाचा गाळ व पाण्यात विरघळलेले क्षार काढून टाकायचे, या क्रियेला ब्लोडाउन म्हणतात. सरकारी मराठीत बॉयलरला ‘बाष्पक’ म्हणतात आणि राज्याचे खातेही ‘बाष्पके संचालनालय’ या नावाने ओळखले जाते. कारखान्यात मात्र बॉयलर हाच शब्द चालतो आणि अटेंडंट ‘ब्लोडाउन दिला का?’ असेच विचारतो.

वाफ होताना पाणी तेवढे वर जाते आणि त्यातले क्षार मागे राहतात, म्हणून ब्लोडाउनची गरज पडते. बोअरचे पाणी तापवणारा तांब्याचा बंब वर्षभराने आतून पाहिला तर पांढरा, खरखरीत थर हाताला लागतो. बॉयलरमध्ये हेच घडते, पण त्याचे प्रमाण फार मोठे असते. ताशी ३ टन वाफ करणारा मध्यम आकाराचा बॉयलर घेऊ. त्याच्या फीडच्या, म्हणजे आत भरल्या जाणाऱ्या, पाण्यात विरघळलेले घन पदार्थ ३०० पीपीएम, म्हणजे एका लिटरात ३०० मिलिग्रॅम, असतील तर तासाला ९०० ग्रॅम क्षार आत जातो. चोवीस तासांत तो साडेएकवीस किलोच्या वर भरतो. हा माल वाफेबरोबर जात नाही, जाताही कामा नये. त्याला बाहेरची वाट ब्लोडाउनच्या व्हॉल्व्हमधूनच मिळते.

आत गेलेले सगळे क्षार सारखे वागत नाहीत. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्ट खडकावर आहे. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे असतात आणि काही प्रमाणात सिलिकाही असते. पाणी तापले की बायकार्बोनेटाचे विघटन होऊन कार्बोनेट खाली बसते. कॅल्शियम सल्फेटची तऱ्हा उलटी आहे. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, हे मात्र पाणी तापेल तसे कमी विरघळते. त्यामुळे ते जिथे उष्णता सर्वांत जास्त असते तिथेच, म्हणजे आगीला लागून असलेल्या नळीवर, चिकटून बसते. सिलिकाचा थर तर काचेसारखा कडक होतो, छिन्नीनेही सहज निघत नाही.

अशा चिकटलेल्या थराला कामगार ‘स्केल’ म्हणतात. पोलादाच्या तुलनेत स्केल उष्णता कित्येक पटींनी कमी वाहून नेतो. आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, जळण जास्त लागते आणि नळीचे पोलाद ठरलेल्या तापमानाच्या वर तापते. तापलेले पोलाद मऊ पडते, नळीला फुगा येतो आणि एक दिवस ती फुटते. ब्लोडाउन या नळीच्या रक्षणासाठी असतो, मात्र एकदा चिकटलेला स्केल ब्लोडाउनने निघत नाही. म्हणून आधी क्षारांना चिकटू न देण्याची तजवीज करावी लागते. त्यासाठी पाण्यात फॉस्फेट घालतात. त्याने कॅल्शियम कडक थर न होता मऊ, भुरभुरीत गाळाच्या रूपात वेगळा होतो आणि मग तो गाळ व्हॉल्व्हमधून काढता येतो. रसायनशास्त्र इतके पुढे जाण्याआधी, एकोणिसाव्या शतकात, बॉयलरमध्ये बटाटे, झाडांच्या साली, मळी असे पदार्थ टाकत. ऐकायला विचित्र वाटते, पण त्यातले स्टार्च व टॅनिन गाळाचे कण एकमेकांना आणि पत्र्याला चिकटू देत नसत, आणि पुढच्या काळात टॅनिन व स्टार्च यांचा वापर रीतसर रसायने म्हणून झाला.

ब्लोडाउनचे दोन प्रकार आहेत आणि ते दोन वेगळी कामे करतात. तळाचा ब्लोडाउन गाळासाठी असतो. बॉयलरच्या सर्वांत खालच्या जागी, जलनळी बॉयलरमध्ये (ज्याच्या नळ्यांतून पाणी वाहते) मड ड्रमला, म्हणजे गाळ बसणाऱ्या खालच्या पिंपाला, त्याचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि तो काही सेकंदांपुरताच उघडतात. पृष्ठभागाचा, म्हणजे सततचा, ब्लोडाउन विरघळलेल्या क्षारांसाठी असतो. तो पाण्याच्या पातळीच्या जरा खालून, बारीक धारेने, अखंड चालू ठेवतात, कारण वाफ जिथे पाण्यातून सुटते तिथे क्षार सर्वांत दाट असतात. अनेक ठिकाणी फक्त तळाचा व्हॉल्व्ह असतो आणि तोच दोन्ही कामांसाठी वापरला जातो. क्षार वाढले म्हणून तळाचा व्हॉल्व्ह बराच वेळ उघडा ठेवला, तर पहिल्या काही क्षणांत तोंडाजवळचा गाळ निघून जातो आणि नंतर बाहेर जाते ते केवळ गरम, गाळ नसलेले पाणी. गाळ काढायचा तर थोड्या थोड्या वेळाने दोन-तीन छोटे झटके द्यावेत. एका लांबलचक ब्लोडाउनपेक्षा ते केव्हाही चांगले.

विरघळलेले क्षार हाताबाहेर गेले की बॉयलरचे पाणी फेसाळते. फेसाबरोबर पाण्याचे थेंब वाफेत शिरतात. पाइपात पाणी साचून हातोडा मारल्यासारखे दणके बसतात आणि सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या, नळ्यांत क्षार सुकून बसतात. टर्बाइन असेल तर त्याच्या पात्यांवर लेप चढतो. जास्त दाबाच्या बॉयलरमध्ये सिलिका थेंबाशिवाय थेट वाफेत विरघळून जाते आणि टर्बाइनमध्ये दाब उतरला की पात्यांवर जमते. त्यामुळे दाब वाढेल तशी क्षारांची मर्यादा झपाट्याने कडक होत जाते. साध्या धूरनळी बॉयलरच्या (ज्याच्या नळ्यांतून धूर जातो आणि भोवती पाणी असते) पाण्यात ३,००० ते ३,५०० पीपीएम चालतात. वीजनिर्मितीच्या उच्चदाब बॉयलरला इतके क्षार असलेले पाणी एक दिवसही चालणार नाही.

किती पाणी सोडायचे याचा हिशोब सोपा आहे. फीडमधल्या क्षाराला बॉयलरमधली कमाल मर्यादा वजा फीडचा क्षार याने भागले, की वाफेच्या प्रमाणात ब्लोडाउन मिळतो. वरच्या बॉयलरसाठी फीड ३०० आणि मर्यादा ३,३०० धरली तर ३०० भागिले ३,०००, म्हणजे वाफेच्या दहा टक्के, तासाला ३०० किलो पाणी सोडावे लागते. आता वापरून झालेल्या वाफेचे पाणी, म्हणजे कंडेन्सेट, परत आणून फीडमध्ये साठ टक्के मिसळले, तर फीडचे क्षार सुमारे १२० पीपीएमवर येतात आणि ब्लोडाउन तासाला ११३ किलोंवर उतरतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो चांगल्या जाणत्या माणसांतही आढळतो. सॉफ्टनर बसवला म्हणजे क्षार कमी झाले असे नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो आणि त्या जागी सोडियम देतो. स्केलचा धोका टळतो, पण विरघळलेल्या क्षारांची बेरीज जवळजवळ तेवढीच राहते. सॉफ्टनर लावल्यावर ब्लोडाउन बंद केला तर पाणी फेसाळणारच.

हिशोब सोपा असूनही बहुतेक ठिकाणी ब्लोडाउन घड्याळावर दिला जातो : पाळी बदलली की एक, दुपारी एक. लोड कमी असलेल्या दिवशी त्याने उष्णता वाया जाते आणि पूर्ण लोडच्या दिवशी क्षार मर्यादेच्या वर जातात. बॉयलरच्या पाण्याचा नमुना थंड करून त्याची विद्युतवाहकता मोजायला पाच मिनिटे लागतात. उदासीन केलेल्या नमुन्यात वाहकतेच्या आकड्याला ०.७ ने गुणले की पीपीएमचा अंदाज येतो. इतक्या स्वस्त मापनाला पर्याय म्हणून घड्याळ वापरणे चुकीचे आहे.

वाया जाणारी उष्णता थोडीथोडकी नसते. १० बार दाबाच्या बॉयलरमधले पाणी १८४ अंश सेल्सिअसवर असते. ३० अंशांच्या पाण्यापेक्षा त्यात दर किलोला सुमारे ६५५ किलोज्यूल उष्णता जास्त असते. तासाला ३०० किलो सोडले तर ५५ किलोवॉटच्या आसपास उष्णता गटारात जाते. किलोला ४,००० किलोकॅलरी देणारा कोळसा आणि ८० टक्के कार्यक्षमता धरली तर ती दिवसाला साडेतीनशे किलो कोळशाइतकी होते. सततच्या ब्लोडाउनमधून ही उष्णता बऱ्याच अंशी परत मिळवता येते. पाणी कमी दाबाच्या फ्लॅश टाकीत सोडले की त्यातला सुमारे सहावा हिस्सा आपोआप वाफ होतो. ही वाफ शुद्ध असते, ती फीड टाकीत घेतात. उरलेल्या गरम पाण्याने येणारे ताजे पाणी तापवतात.

तळाचा ब्लोडाउन हे जबाबदारीचे काम आहे. रीत अशी : आधी गेज ग्लासमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत, पातळी पाहायची, ती जरा वर घ्यायची. लाइनवर दोन व्हॉल्व्ह असतात. बॉयलरजवळचा झटपट उघडणारा आधी पूर्ण उघडायचा, मग बाहेरचा हळूहळू. बंद करताना उलट क्रम, म्हणजे बाहेरचा आधी. वेगाने घासत जाणाऱ्या पाण्याची झीज बाहेरच्या व्हॉल्व्हने सोसावी आणि आतला घट्ट राहावा, हे त्यामागचे कारण. व्हॉल्व्ह उघडताच पाइप हादरतो, सोडलेले पाणी ज्या खड्ड्यात जाते त्याच्या चिमणीतून पांढरा लोट उठतो आणि पहिल्या क्षणी खडखडाटासारखा आवाज येतो. तो गाळाचा. मग नुसता सरळ घोंघावणारा आवाज उरतो, तेव्हा व्हॉल्व्ह मिटायचा. ज्याचा हात व्हॉल्व्हवर आहे त्याला ग्लास दिसत नसेल तर ग्लासपाशी दुसरा माणूस हवाच. व्हॉल्व्ह उघडा ठेवून दुसऱ्या कामाला जाणे हा यातला सर्वांत मोठा गुन्हा. पाणी नळ्यांच्या खाली गेले तर काही मिनिटांत बॉयलर जळतो. काम झाल्यावर काही वेळाने बाहेरच्या पाइपाच्या तापमानाचा अंदाज घ्यावा. तो अजून तसाच गरम असेल तर व्हॉल्व्ह गळतो आहे आणि रात्रंदिवस पाणी जाते आहे. जलनळी बॉयलरच्या भिंतीतल्या नळ्यांचे हेडर (नळ्या जिथे एकत्र जोडतात ते जाड पाइप) मात्र पूर्ण लोडवर कधीही ब्लोडाउन करू नयेत. त्याने पाण्याचे अभिसरण तुटते आणि नळ्या कोरड्या पडतात.

महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत या कामाला एक वेगळा पैलू आहे. इथे बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, जाळून वाफ होते, ती टर्बाइन चालवते आणि टर्बाइनमधून निघालेली वाफ उसाचा रस आटवते. तिचे कंडेन्सेट बॉयलरला परत येते. रस आटवणाऱ्या भांड्याची एखादी नळी गळली की साखर कंडेन्सेटमध्ये शिरते. उष्णतेने तिची आम्ले होतात, पाण्याचा पीएच कोसळतो, फेस येतो. नमुना तपकिरी दिसतो आणि त्याला करपलेल्या साखरेचा वास येतो. म्हणून हंगामात प्रयोगशाळेतला माणूस पुन्हा पुन्हा परीक्षानळीत कंडेन्सेट घेतो, त्यात अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब टाकतो आणि नळी तिरकी धरून कडेने तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडतो. दोन थरांच्या सीमेवर जांभळे कडे उमटले की साखर आली. लगेच ते कंडेन्सेट बॉयलरकडून वळवतात, ब्लोडाउन वाढवतात, कॉस्टिक (दाहक सोडा) देऊन पीएच सावरतात आणि गळकी नळी शोधायला लागतात.

ब्लोडाउनचा इतिहास आगबोटींशी जोडलेला आहे. सुरुवातीच्या आगबोटींचे बॉयलर समुद्राच्याच पाण्यावर चालत. त्या पाण्यात वजनाने साधारण बत्तिसावा हिस्सा मीठ असते, म्हणून इंजिनियर बॉयलरचा खारेपणा बत्तिसांशांत मोजत आणि ठरावीक वेळाने खारे पाणी समुद्रात सोडून देत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्ये मुंबईहून सुएझकडे निघाली, तो काळ याच पद्धतीचा होता. वाफ गार करून तेच गोडे पाणी पुन्हा वापरणारे कंडेन्सर पुढे रूढ झाले, तेव्हा समुद्रात रोज मीठ ओतण्याची गरज संपली.

भारतात बॉयलरचे नियमन १९२३ च्या कायद्याने होत असे, आता त्याची जागा २०२५ च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे. बॉयलर चालवणाऱ्याला प्रथम किंवा द्वितीय श्रेणीचे प्रमाणपत्र लागते आणि बॉयलर ठरावीक मुदतीने निरीक्षकापुढे उघडावा लागतो. साखर कारखान्यात हे काम हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात सुरू होते. मॅनहोल उघडतात, मड ड्रममध्ये माणूस उतरतो. तिथे मऊ, चिखलासारखा गाळ हाताने निघाला तर फॉस्फेट आणि ब्लोडाउन दोन्ही नीट झाले. नळीत टॉर्च टाकल्यावर कडक पांढरा थर दिसला तर नळ्या यंत्राने खरवडायच्या, नाहीतर गंजरोधक मिसळलेल्या आम्लाने धुवायच्या. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन, म्हणजे हंगामासाठी पहिली आग पेटवणे, होते, त्याआधी हे काम पुरे करावे लागते.