काना आधी का जातो?

माझ्या टेबलावरचा चार वर्षांतला तिसरा कीबोर्ड या जुलैत गेला. आधी काना अडखळला, मग पाय मोडायचं बटण. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कीबोर्ड-मांडणीत ही दोन्ही चिन्हं डाव्या हाताखाली, इंग्रजी ई आणि डीच्या जागी असतात, आणि मराठी मजकुरात त्यांना विसावा म्हणून नाही. तिसऱ्या दिवशी तर ओळीने चारपाच अक्षरं गप्प झाली. मालवणात टायपिंगची कामं घेणाऱ्यांना हे नवं नाही, पण पूर्वी असं नव्हतं.

टायपिंग क्लासातली गोदरेजची यंत्रं आठवा. गोदरेजने १९५५ मध्ये टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये ते काम थांबवलं. खाऱ्या वाऱ्याने त्या लोखंडालाही गंज चढायचाच. पण तेल, ब्रश आणि जाणता मेकॅनिक मिळाला की यंत्र पुन्हा सुरू.

संगणकाचे पहिले कीबोर्डही त्याच वळणाचे होते. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी आणला, तेव्हा प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग होती. दाबली की ती वाकायची आणि टक् आवाज यायचा. १९८५ चा आयबीएमचा 'मॉडेल एम' कीबोर्ड दोन किलोहून जड होता. त्यातले कित्येक अजून चालतात. पुढे संगणक स्वस्त होत गेले आणि काटकसरीची कुऱ्हाड कीबोर्डवर पडली. स्प्रिंगच्या जागी रबराच्या टोप्या आल्या.

आपल्याकडचं खरं दुखणं या टोप्यांखाली आहे. तिथे प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या-खालच्यावर विजेच्या रेघा छापलेल्या, मधल्याला भोकं. बटण दाबलं की भोकातून रेघा टेकतात आणि अक्षर उमटतं. पावसाळ्यातली ओल मीठ घेऊन या पापुद्र्यांत शिरते, रेघ खाते. एकाच रेघेवर अनेक बटणं असल्याने ती तुटली की सगळी एकदम जातात. म्हणून एकट्या कान्यावर भागत नाही. दुकानदार म्हणतो, उघडू नका, नवा घ्या. मला हे पटत नाही, पण छापलेली रेघ सांधणं खरोखरच जिकिरीचं असतं.

महाग वस्तूही सुटली नाही. ॲपलने २०१५ मध्ये लॅपटॉप पातळ करायला 'बटरफ्लाय' बटणं बसवली. धुळीच्या कणाने ती अडकू लागली. २०१८ मध्ये कंपनीने मोफत दुरुस्ती जाहीर केली आणि २०१९ पासून ती रचना सोडायला सुरुवात केली.

साध्या रबरी बटणाचं आयुष्य पन्नास लाख ते एक कोटी दाबांचं धरतात. चेरी या कंपनीचे मेकॅनिकल, म्हणजे स्प्रिंगवाले, स्विच पाच कोटींच्या पुढे. खारी हवा त्यांनाही बाधते. मात्र प्रत्येक बटणाचा स्विच वेगळा असतो, आणि काही कीबोर्डांत तो चिमट्याने उपसून नवा बसवता येतो. काना गेला तर तेवढाच काना. या वेळी मी तसाच मागवलाय, वर दहा सुटे स्विच. त्यातले दोन ई आणि डीसाठी आत्ताच बाजूला काढून ठेवणार आहे.