चिलिंग इंज्युरी आणि गोठण : दोन्हींना ‘थंडी लागली’ म्हणणं थांबवा

शीतगृहातून बाहेर आलेलं फळ खराब निघालं की निदान ठरलेलं असतं : ‘थंडी जास्त झाली, माल गोठला.’ मग थर्मामीटर पाहिला जातो, तो ५ अंश दाखवतो, आणि ‘शून्याच्या खाली गेलंच नाही, म्हणजे थंडीचा दोष नाही’ असा दुसरा चुकीचा निष्कर्ष निघतो. गोठणं आणि चिलिंग इंज्युरी, म्हणजे न गोठताही नुसत्या गारव्याने फळाला होणारी इजा, हे दोन वेगळे बिघाड आहेत. त्यांची कारणं वेगळी, उपायही वेगळे.

गोठणं सगळ्यांना माहीत आहे. गरातल्या पाण्याचा बर्फ होतो, पेशी फाटतात, बर्फ वितळला की फळ पाणचट, अर्धपारदर्शक आणि लिबलिबीत होतं. फळाच्या रसात साखर विरघळलेली असल्यामुळे हे शून्याच्या थोडं खाली घडतं : टोमॅटो साधारण उणे ०.५, केळं उणे ०.८, सफरचंद उणे १.५ अंश सेल्सिअसच्या आसपास. साखर जास्त असेल तर आणखी खाली. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात नाही.

घोळ होतो तो चिलिंग इंज्युरीत. इथे बर्फाचा एक कणही तयार होत नाही. उष्ण प्रदेशातल्या आणि काही समशीतोष्ण फळांच्या पेशींची आवरणं ठरावीक तापमानाखाली घट्ट होतात, त्यांच्यातून क्षार झिरपू लागतात आणि पेशीतल्या प्रक्रियांचा मेळ बिघडतो. हिरव्या केळ्याला १३ अंशांच्या खालीच हा धोका सुरू होतो. पक्व पण हिरव्या आंब्यालाही सुरक्षित तापमान १३ अंशांच्या आसपासच लागतं, पिकलेला आंबा १० अंशांवर चालतो. हिरवा टोमॅटो ५ अंशांवर ६ ते ८ दिवसांहून जास्त राहिला तर पुढे तो नीट रंगत नाही.

यात तापमानाइतकाच वेळ महत्त्वाचा असतो, आणि नेमकं हेच विसरलं जातं. हिरव्या केळ्याला मध्यम स्वरूपाची इजा व्हायला १० अंशांवर सुमारे १ तास पुरतो, ११.७ अंशांवर ५ तास लागतात, १२.२ वर २४ तास आणि १२.८ वर ७२ तास. म्हणून ‘फक्त रात्रभरच ठेवलं होतं’ या वाक्याला अर्थ नाही, किती अंशांवर ते सांगा. शिवाय ही इजा साठत जाते. शेतातली गार रात्र, गाडीतले गार तास आणि शीतगृहातले दिवस यांची बेरीज होते.

आणि सर्वात फसवी गोष्ट : थंडीत असेपर्यंत फळ निर्दोष दिसतं. लक्षणं उमटतात ती बाहेर काढून ऊब मिळाल्यावर, बहुधा दोन-तीन दिवसांत. सालीवर खड्डे पडतात, राखाडी-तपकिरी डाग येतात, पिकणं अर्धवट राहतं, गर पिठूळ होतो, देठापाशी बुरशी धरते. दोष मात्र ज्याच्या हातात माल त्या वेळी असतो त्याच्यावर येतो : पिकवण कक्षावर, किरकोळ विक्रेत्यावर. पुष्कळ वेळा तो माल आठवडाभर आधीच बिघडलेला असतो. बुरशी तर हमखास मूळ रोग समजली जाते आणि फवारणी वाढवली जाते. कमकुवत झालेल्या सालीत शिरलेली बुरशी औषधाने थांबेल, पण साल कमकुवत का झाली याचं उत्तर तापमानाच्या नोंदीत असतं.

खात्री करायची तर फळ थंडीतून काढताच कापा. गोठलेलं असेल तर बर्फाचे कण दिसतात किंवा गर पाणचट होऊ लागतो. कापलेलं फळ ठीक दिसलं तर त्याच खोक्यातली दहा-बारा फळं २० अंशांवर तीन दिवस ठेवा आणि मग निकाल द्या. केळ्याची साल सोलून आतल्या बाजूला तपकिरी रेघा पाहा, त्या बाहेरच्या डागांपेक्षा खात्रीच्या. खोलीतली मांडणीही बोलते : गोठण बहुतेक वेळा गार हवेच्या झोतासमोरच्या खोक्यांत, एका बाजूला सापडते, तर चिलिंग साधारण सगळ्या खोलीत पसरलेली असते. तापमान हवेचं नको, टोकदार थर्मामीटर गरात खुपसून मोजा.

‘जितकं गार तितकं टिकाऊ’ हा समज सर्वात घातक. पण ‘थोडं उबदार ठेवलं की सुरक्षित’ हाही नियम नाही. पीच आणि नेक्टरीनचा गर २ ते ८ अंशांच्या पट्ट्यात ० अंशांपेक्षा लवकर पिठूळ होतो. तिथे अर्धवट काळजी घेणं नुकसानकारक, सरळ शून्याजवळ न्यायचं. सफरचंद म्हणजे थंडीचं फळ, त्याला काही होत नाही, हेही सरसकट खरं नाही. मॅकिंटॉश जातीला २-३ अंश लागतात, आणि हनीक्रिस्पला साठवणीआधी सुमारे आठवडाभर १० अंशांवर ठेवतात, नाहीतर सालीवर मऊ तपकिरी पट्टे उठतात.

पिकलेलं फळ बहुधा थंडी जास्त सोसतं. हिरवा अव्होकॅडो ५ अंशांच्या खाली नेऊ नये, पिकलेला २ ते ४ अंशांवर चालतो. पिकलेलं केळं फ्रिजमध्ये ठेवलं तर साल काळवंडते पण गर खाण्याजोगा राहतो. हिरवं केळं तिथे ठेवलं तर नंतर ते कधीच नीट पिकत नाही.

उपाय उलटसुलट करू नका. गोठलेला माल हलवू नका, गोठलेली फळं एकमेकांवर आदळली की चिरडलेल्या जागा काळ्या पडतात. ४ अंशांच्या आसपास सावकाश वितळू द्या, मगच निवड करा. चिलिंगमध्ये लक्षणं उमटल्यावर काही परत येत नाही, पण सुरुवातीच्या टप्प्यात मधूनमधून ऊब दिल्यास काही फळांत इजा थोपवता येते. मिश्र माल एकाच खोलीत ठेवायचाच असेल तर तापमान सर्वात नाजूक फळाच्या सोयीने ठरवा आणि बाकीचा माल आधी विका.