घरातून बाहेर पडणारी अरुंद वाट

परगावी गेल्यावर आपल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाचे सामने पाहता येत नाहीत, या अडचणीतून ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन या कॅलिफोर्नियातील भावांनी स्लिंग मीडिया ही कंपनी काढली आणि २००५ मध्ये ‘स्लिंगबॉक्स’ नावाची पेटी बाजारात आणली. ही पेटी घरच्या सेट टॉप बॉक्सला किंवा रेकॉर्डरला जोडली की घरचा टीव्ही दुसऱ्या गावातल्या संगणकावर दिसू लागे. रिमोटचे काम करणारा अवरक्त किरणांचा छोटा दिवाही तिच्यासोबत असल्याने रेकॉर्डरमध्ये साठवलेला कार्यक्रम दुरूनच निवडता येई. सोनीच्या १९७५ मधील बीटामॅक्स यंत्राने प्रेक्षकाला वेळेच्या बंधनातून सोडवले होते. या पेटीने त्याला जागेच्या बंधनातूनही सोडवले.

घरचे रेकॉर्डिंग दुरून पाहणे हे आज एखाद्या संकेतस्थळावर चित्रपट पाहण्याइतकेच सोपे असेल, असे वाटते. प्रत्यक्षात ते बरेच अवघड आहे, कारण येथे प्रवाहाची दिशा उलटी असते. घरगुती इंटरनेटची रचना मुळात बाहेरची माहिती घरात आणण्यासाठी झाली. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या एडीएसएल जोडणीत, पहिल्या प्रमाणकानुसार, माहिती आत येण्याचा वेग सेकंदाला ८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकत असे, पण बाहेर जाण्याचा वेग जेमतेम १ मेगाबिट होता. स्लिंगबॉक्स ज्या काळात आला, त्या काळी अनेक घरांतून बाहेर पडणारी वाट इतकीच रुंद होती.

या वाटेने जायचे ओझे किती, ते पाहू. हाय डेफिनिशन चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. प्रक्षेपणातच हे ओझे संक्षेपणाने कमी केलेले असते. मागच्या चित्रात जे होते आणि या चित्रातही जसेच्या तसे आहे, ते पुन्हा पाठवायचे नाही. केवळ हललेल्या भागाचे वर्णन पाठवायचे, हे त्यामागचे मुख्य तत्त्व. बातमीदाराच्या मागची भिंत स्थिर असते म्हणून ती स्वस्तात जाते. क्रिकेटच्या मैदानावर कॅमेरा चेंडूमागे धावू लागला की खर्च वाढतो. अशा रीतीने ओझे सेकंदाला ८ मेगाबिटपर्यंत उतरले, असे समजले तरी तासाभराच्या कार्यक्रमाला ३.६ गिगाबाइट जागा लागते, आणि १ मेगाबिटच्या वाटेने तो बाहेर जायला आठ तास लागतील.

म्हणून घरच्या यंत्राला रेकॉर्डिंग उलगडून, चित्र लहान करून, ते पुन्हा अधिक घट्ट बांधावे लागते, आणि हे सारे कार्यक्रम चालू असतानाच करावे लागते. या कामाला ट्रान्सकोडिंग म्हणतात. ते साध्या प्रोसेसरला दमवते. परंतु २०११ पासून इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत त्यासाठी स्वतंत्र विद्युत-मंडल (सर्किट) आले आणि घरातल्या लहानशा संगणकालाही ते झेपू लागले. कार्यक्रमाचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवले, तर पाहणाऱ्याच्या मोबाइलला प्रत्येक तुकड्याच्या वेळी ठरवता येते की पुढचा तुकडा स्पष्ट हवा की हलका. गाडी बोगद्यात शिरली की चित्र धूसर होते, पण बहुधा थांबत नाही, ते यामुळेच.

वाट रुंद झाली तरी घर सापडायला हवे. जुन्या वाड्याचा पत्ता एकच असतो आणि आत दहा बिऱ्हाडे असतात. आपला राऊटर अशाच वाड्याच्या दारावर बसलेला असतो. आतल्या कोणी बाहेर पत्र पाठवले, तर तो वहीत नोंद करतो आणि उत्तर आले की त्या बिऱ्हाडाला पोचवतो. नोंद नसलेले पत्र तो परत फिरवतो. दुरून आलेली आपली मागणी हे असेच बिननोंदीचे पत्र असते. ही तडजोड करावी लागली ती पत्ते संपत आल्यामुळे: इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते होते आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. आता तर अनेक सेवादाते कित्येक वाड्यांना मिळून एकच पत्ता देतात. तेव्हा आपल्या राऊटरला कितीही सूचना दिल्या तरी उपयोग होत नाही, कारण पत्र त्याच्यापर्यंत येतच नाही.

यावर एक हुशार उपाय आहे. घरचे यंत्र आणि मोबाइल दोघेही आधी एका मध्यस्थ सर्व्हरला आपापला बाहेरचा पत्ता कळवतात, आणि मग दोघेही एकाच सुमारास एकमेकांना पत्र धाडतात. दोन्ही दारांवरच्या वह्यांत नोंद झालेली असल्याने दोन्ही पत्रे उत्तर समजून आत घेतली जातात. ही युक्ती फसली, तर सारा प्रवाह मध्यस्थामार्फत वळवावा लागतो, आणि त्याने वेग घटतो.

राऊटरमध्ये कायमचे दार उघडून ठेवण्याचा सल्लाही पुष्कळ दिला जातो. मला तो धोक्याचा वाटतो. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की एका वेगवान जोडणीवरून जुन्या पद्धतीच्या सर्व पत्त्यांवर पाऊण तासाच्या आत टकटक करता येते. उघडे दार लपून राहत नाही. २०१६ मधील ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि व्हिडिओ रेकॉर्डर हजारोंच्या संख्येने ताब्यात घेतले होते. त्यापेक्षा घर आणि मोबाइल यांच्यात वायरगार्डसारख्या प्रोग्रामने कूटबद्ध बोगदा, म्हणजे किल्ली असलेल्यालाच वाचता येईल अशी खासगी वाट, उभारणे कितीतरी चांगले. त्यात योग्य किल्ली नसलेल्याला मुळी उत्तरच दिले जात नाही.

आपल्याकडे आणखी एक अडसर आहे. डीटीएच रेकॉर्डरमधील रेकॉर्डिंग बहुधा त्याच पेटीशी कुलूपबंद असते. डिस्क काढून संगणकाला जोडली तरी ते उघडत नाही. डीडी फ्री डिशवरील अनेक वाहिन्या मात्र कूटबद्ध नसतात, त्यामुळे संगणकात उपग्रह ट्यूनर बसवून त्या साठवता येतात.

मध्यस्थ कोणाचा, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्लिंगबॉक्सचे सर्व्हर ९ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद करण्यात आले. लोकांच्या घरातल्या पेट्या धडधाकट होत्या, रेकॉर्डिंग जागच्या जागी होते, पण त्यांची गाठ घालून देणारा उरला नाही आणि अधिकृत ॲपमधून त्या पेट्या वापरता येईनाशा झाल्या. काही हौशी प्रोग्रामरांनी स्लिंगबॉक्सची भाषा उलगडून घरच्याच संगणकावर चालणारा पर्यायी प्रोग्राम लिहिला, आणि त्यावर काही जुन्या पेट्या पुन्हा चित्र दाखवू लागल्या.