तडा गेलेल्या पाइपवर कॉम्पोझिट पॅच : काम सोपवण्यापूर्वी

पाइपला तडा गेला की पहिला विचार वेल्डिंगचा होतो, आणि जिथे लाइन रिकामी करून धुता येते व आसपास ज्वलनशील काही नसते, तिथे वेल्डिंगच करून घ्यावे, असे आम्हीही सुचवतो. परंतु सॉल्व्हंटच्या लाइनजवळ ठिणगी चालत नाही, तर बिडाच्या जुन्या पाइपला वेल्डिंगची उष्णता न सोसून शेजारीच नवा तडा जाण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेले ग्लास फायबरचे कापड पाइपभोवती थरावर थर गुंडाळून चिकटवता येते; हाच कॉम्पोझिट पॅच. या कामासाठी आयएसओ २४८१७ आणि एएसएमई पीसीसी-२ ही मानके आहेत.

पॅचमुळे तडा सांधला जात नाही. त्याभोवतीचा ताण काही प्रमाणात पॅचवर जातो, इतकेच. म्हणून तडा नेमका कुठे संपतो हे आधी शोधावे लागते. लाल डाय लावून पुसल्यावर पांढरा डेव्हलपर फवारला की काही मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटते, आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या तड्याहून बरेचदा लांब निघते. लाइनचे प्रेशर उतरवून या लाल रेघेच्या दोन्ही टोकांना लहान भोके पाडली की तड्याचे टोक बोथट होते आणि तो पुढे वाढण्याची शक्यता कमी होते. कंपनामुळे किंवा सैल सपोर्टमुळे तडा गेला असेल, तर तो दोष काढल्याशिवाय आम्ही पॅच लावत नाही.

खरे कष्ट पृष्ठभागाच्या तयारीत आहेत. ब्लास्टिंगने, म्हणजे हवेच्या जोराने खरखरीत कण मारून, गंज व रंग काढून धातू एसए २½ या जवळजवळ पूर्ण स्वच्छतेच्या दर्जापर्यंत उघडा केल्यावर त्याला हातही लावू नये, कारण बोटांचा तेलकटपणा चिकटण्यात अडथळा आणतो. पाइपचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते त्या तापमानापेक्षा, किमान ३ अंश सेल्सिअस वर हवे. कोकणातल्या पावसाळ्यात त्यासाठी बहुधा तंबू आणि हीटर लावावा लागतो. कार्बन फायबर वापरायचे झाल्यास पहिला थर ग्लास फायबरचाच द्यावा लागतो, कारण कार्बनचा थेट स्पर्श झालेले पोलाद ओल मिळताच गंजते. रेझिन पुरेसे कडक झाल्याची खात्री शोअर डी या कडकपणा मोजणाऱ्या मीटरने केल्यावरच लाइन चालू करावी.

दरपत्रकासाठी पाइपचा धातू, बाहेरचा व्यास, उरलेली जाडी, आतील द्रव, प्रेशर, तापमान आणि तड्याचा फोटो पाठवावा. ओल्या धातूवर रेझिन धरत नाही, त्यामुळे गळती असल्यास लाइन किती तास बंद ठेवता येईल हेही कळवावे.